दोन तट्टं, पाच मोठे घोडे आणि एकच कुरण : एका मिश्र कळपाचा प्रकरण अभ्यास

मोठ्या घोड्यांत लहान तट्टू सोडलं की ते मार खाणार, असं धरून बरेच घोडेवाले तट्टाला कायम वेगळं बांधतात. दुसरीकडे हौशी मंडळी ‘राहतील आपोआप जुळवून’ म्हणत पहिल्याच दिवशी फाटक उघडतात. खाली मांडलेल्या प्रकरणात या दोन्ही गोष्टी झाल्या आणि दोन्हींचा भुर्दंड जनावरांना पडला. संबंधितांच्या परवानगीने हे लिहितो आहे. घोड्यांची नावं बदलली आहेत आणि माणसांची नावं दिलेली नाहीत. पहिला अपघात झाल्यानंतर मला सल्ल्यासाठी बोलावलं होतं. त्याआधीचा भाग तिथल्या नोंदवहीतून आणि मोतद्दारांच्या सांगण्यातून घेतला आहे.

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिमेला, मुळशीच्या बाजूला एक छोटी घोडेस्वारी शाळा आहे. चालवणाऱ्या ताई स्वतः उत्तम स्वार. घोड्यांचं सगळं पाहणारे मामा हे तिसऱ्या पिढीतले मोतद्दार. तबेल्यात पाच घोडे होते. बादल आणि सुलतान हे पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेले दोन खच्ची थरोब्रेड. राणी ही मारवाडी घोडी, हिरा हा खच्ची काठियावाडी आणि सोनी ही विशीकडे झुकलेली, शांत गावठी घोडी. बादलची खांद्याशी उंची १६ हँड म्हणजे सुमारे १६३ सेंटिमीटर, राणीची १५० च्या आसपास. (१४.२ हँड, म्हणजे साधारण १४८ सेंटिमीटरपर्यंत पोनी, त्यावर घोडा, हा स्पर्धांच्या नियमांतला हिशेब. कळपातल्या जनावरांना त्याची खबर नसते.)

लहान मुलांसाठी लहान जनावर हवं होतं. आठ वर्षांच्या मुलाला सुलतानच्या पाठीवर बसवणं ताईंना पटत नव्हतं आणि ते योग्यच होतं. उन्हाळ्याचा हंगाम संपताना माथेरानहून दोन तट्टं विकत घेतली. माथेरानला मोटारगाड्यांना मनाई असल्यामुळे तिथली तट्टं माणसं, पोरं, माकडं, हातगाड्या यांना चांगली सरावलेली असतात. टिकली ही १०७ सेंटिमीटरची घोडी आणि बंड्या हा ११२ सेंटिमीटरचा, चार महिन्यांपूर्वी खच्ची केलेला. दोघं वर्षभर एकाच ठिकाणी शेजारी बांधलेली होती. एक घेतलं नाही, जोडी घेतली, हा या प्रकरणातला पहिला निर्णय. पुढे जे काही निभावलं त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

आल्यावर दोघांना तीन आठवडे वेगळं ठेवलं. रोज सकाळ-संध्याकाळ ताप पाहिला आणि रक्ताचे नमुने तपासणीला पाठवले. ग्लँडर्स हा आजार माणसालाही होतो आणि २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग कायद्याखाली तो कळवावा लागतो. बाहेरून आलेलं जनावर तपासणीशिवाय तबेल्यात घेणं म्हणजे सगळ्या तबेल्यावर जोखीम घेणं. हा भाग ताईंनी काटेकोरपणे केला.

जुळवाजुळव बिघडली ती जागेमुळे. तट्टांसाठी राखलेला तुकडा सखल होता. जूनच्या अखेरीस मुळशीचा पाऊस सुरू झाला आणि तिथे घोट्याइतकं पाणी साचलं. तबेल्यात रिकामा कप्पा नव्हता. उरलं ते साठ गुंठ्यांचं मोठं कुरण, ज्यात पाचही घोडे दिवसभर मोकळे असत.

पहिला अपघात

एका सकाळी सगळं वाळलं गवत भिंतीकडेच्या लांब गव्हाणीत टाकलं, पाचही घोडे खायला लागले आणि मग फाटकातून दोन्ही तट्टं आत सोडली. ‘खाण्यात गुंतलेत, लक्ष देणार नाहीत’ असा अंदाज होता. राणीने कान पाडले, मान लांबवली, टिकली बाजूला झाली. तिथवर सगळं रीतसर होतं. बंड्या मात्र भिंत आणि बादल यांच्यामधल्या फटीत गवताकडे शिरला. बादलने वळूनही न पाहता दुगाणी झाडली.

मोठ्या घोड्याची लाथ मोठ्या घोड्याला लागते तेव्हा ती बहुधा मांडीवर, मांसल भागावर बसते. तीच लाथ ११२ सेंटिमीटरच्या जनावराला छातीवर, पुढच्या पायावर किंवा थेट जबड्यावर बसते. बंड्याला ती पुढच्या डाव्या पायाच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या वर लागली. तिथे हाडावर कातडीशिवाय जवळपास काही नसतं. जखम दोन बोटांची, लंगडणं किरकोळ.

डॉक्टरांनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं (घोड्याइतकं धनुर्वाताला नाजूक जनावर क्वचितच दुसरं असेल) आणि हलवता येणाऱ्या यंत्रावर एक्स-रे काढला. एक्स-रे स्वच्छ आला. इथे या प्रकरणातला दुसरा मोठा निर्णय झाला. डॉक्टर म्हणाले, या जागी लाथ बसली की हाडाला केसासारखी चीर जाऊ शकते आणि ती पहिल्या दिवशी दिसत नाही. तिच्या कडा झिजल्यावर, आठ-दहा दिवसांनी दिसते. तोवर जनावर मोकळं पळालं किंवा लोळण घेऊन झटक्यात उठलं, तर चिरेचे दोन तुकडे होतात आणि मग काहीच हातात राहत नाही.

ताईंपुढे प्रश्न साधा नव्हता. शाळेचे वर्ग ठरलेले, दुसऱ्या एक्स-रेचा खर्च, शिवाय कप्पा रिकामा करायचा तर हिराला बाहेर काढावं लागणार. मामांचं मत होतं, ‘ताई, खातंय पितंय, पाय टेकतंय, चार दिवसांत सोडू की.’ ताईंनी डॉक्टरांचं ऐकलं. हिराला पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं, बंड्याला कप्प्यात आखूड दाव्याने बांधलं म्हणजे तो आडवा होणार नाही, आणि टिकलीला शेजारीच ठेवलं. दहाव्या दिवशीचा एक्स-रेही स्वच्छ निघाला. तरीही तो निर्णय बरोबरच होता, असं माझं ठाम मत आहे. चीर नव्हती हे नंतर कळलं. निर्णय घ्यायच्या क्षणी ते कुणालाही ठाऊक नव्हतं.

नेमकं काय चुकलं होतं

सगळ्यांनी दोष बादलला दिला, ‘रेसचा घोडा, तापट’ म्हणून. मी कुरणात दोन सकाळी नुसता बसून पाहिलं तेव्हा बादल तापट वाटला नाही, अडाणी वाटला. रेसचा घोडा दोन वर्षांचा होण्याच्या आसपास एकट्या कप्प्यात जातो आणि पुढची वर्षं तिथेच काढतो. कळपात वाढलेला घोडा आधी कान पाडतो, मग मान लांबवतो, मग मागचा पाय उचलून दाखवतो आणि क्वचितच खरी लाथ मारतो. समोरचाही पहिल्याच इशाऱ्याला सरकतो. बादलकडे मधल्या पायऱ्याच नव्हत्या. राणी दिवसभर सगळ्यांवर हुकूमत गाजवायची, पण तिने कुणाला स्पर्शही केल्याचं मी पाहिलं नाही.

दुसरं कारण गव्हाण. सगळं खाणं एका रांगेत, तेही भिंतीला लागून. मागे सरायला जागा नाही आणि खाण्यासाठी पुढे यायलाच हवं, अशा ठिकाणी ओळख करून देणं हे भांडण लावण्यासारखंच आहे.

तिसरी गोष्ट लाथ लागली नसती तर कदाचित कुणाच्या लक्षातच आली नसती. कुरणातला पाण्याचा सिमेंटचा हौद मोठ्या घोड्यांच्या मापाने बांधलेला होता, काठ ९० सेंटिमीटरवर. काठोकाठ भरलेला असताना टिकलीचं तोंड पोचायचं. दुपारपर्यंत पाणी वीतभर खाली गेलं की पोचायचं नाही. पावसाळ्यात डबक्यांवर भागलं असतं, पण उन्हाळ्यात हीच गोष्ट पोटशूळापर्यंत गेली असती.

आणि चौथं, मागचे नाल. पाचही घोड्यांना चारही पायांना नाल होते, कारण शाळेच्या फेऱ्या डांबरी रस्त्यावरून जात. उघड्या खुराच्या लाथेपेक्षा नाल मारलेल्या पायाच्या लाथेने हाड मोडण्याचा धोका बराच जास्त असतो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय तट्टांना कायमचं वेगळं ठेवण्याचा. दोघं एकमेकांना होती, त्यामुळे एकटेपणाचा प्रश्न नव्हता. पण कोरडी जागा नव्हती आणि नवी शेड बांधायला पैसे नव्हते. शिवाय जोडीतलं एक जरी आजारी पडलं किंवा गेलं, तरी दुसरं एकदम एकटं पडणार होतं.

दुसरा, सगळ्यांना बांधूनच ठेवायचं, पुढून-मागून दोर म्हणजे आगाडी-पिछाडी लावून, जुन्या पागांसारखं. मामांचा कल इकडे होता. त्यांच्या आजोबांच्या काळी असंच असे आणि कुणी कुणाला लाथ मारत नसे, हेही खरं. पण बांधलेला घोडा दिवसाला जेमतेम काही पावलं चालतो. म्हाताऱ्या सोनीचे सांधे त्याने आखडले असते आणि रेसच्या दोघांच्या कप्पा चावण्याच्या सवयी परत आल्या असत्या.

तिसरा, पाळीपाळीने सोडणं. सकाळी घोडे, दुपारी तट्टं. कुरण एक, माणसं दोन. महिनाभर चाललं असतं, वर्षभर नाही.

चौथा पर्याय मी सुचवला. कळप एकच ठेवायचा, पण टप्प्याटप्प्याने जोडायचा, आणि कुरणात अशी एक जागा करायची जिथे तट्टाला जाता येईल पण घोड्याला येता येणार नाही. ताईंनी हा निवडला. त्यांच्या मनात एक पाचवी गोष्टही होती, ती त्यांनी मोकळेपणाने सांगितली. लहान-मोठे सगळे घोडे एकत्र चरताना पाहून पालक खूश होतात, शाळेचं नाव होतं. या इच्छेत वाईट काही नाही. फक्त पुढे एका टप्प्यावर तीच आड आली.

ओळख करून देण्याची पद्धत

आधी नालबंद चाचांना बोलावून पाचही घोड्यांचे मागचे नाल काढले. डांबरी रस्त्यावरच्या फेऱ्या पावसाळाभर बंद केल्या. त्यात शाळेचं थोडं उत्पन्न गेलं.

मग कुरणाचा एक कोपरा दुहेरी कुंपणाने वेगळा केला. आतल्या बाजूला लाकडी वासे, बाहेरच्या बाजूला शेतकरी रानडुकरांसाठी वापरतात त्या झटका मशीनची पांढरी पट्टी आणि दोन्हींमध्ये चार फुटांचं अंतर. एकेरी कुंपणावरून ओळख करून देताना घोडे पुढचा पाय आपटतात, तो वाशांत अडकतो आणि मोडतो. चार फुटांवरून वास घेता येतो, दिसतं, ऐकू येतं, पाय पोचत नाही. तट्टं आठवडाभर आतल्या बाजूला राहिली.

त्यानंतर बाहेरच्या पाचांतली फक्त सोनी त्यांच्यात आणून सोडली. सगळ्यात शांत जनावर आधी, हा साधा नियम. तिघांचं जमल्यावर राणी. खरी धाकधूक राणीच्या वेळी होती, कारण कळप तिच्या इशाऱ्यावर चालायचा. तिने टिकलीला दोनदा पळवलं, दहा-बारा पावलं पाठलाग केला आणि सोडून दिलं. असं पळवणं चालतं. दूर गेल्यावरही पाठलाग सुटत नसेल, कोपऱ्यात गाठून दात लावले जात असतील किंवा एखादं जनावर पाण्याकडे फिरकतच नसेल, तर मात्र थांबायचं, असं ठरवून ठेवलं होतं. मग हिरा, मग सुलतान. प्रत्येक नवी भर सकाळी, सगळ्यांची पोटं भरल्यावर आणि घोडा थोडा कामातून आल्यावर. कुणाच्याही तोंडावर मोरकी ठेवली नाही, कारण दुसऱ्याचा खूर किंवा कुंपणाचा खिळा तिच्यात अडकतो.

या काळात मामांनी एक खूण वापरली, ती मला फार मोलाची वाटते. रोज पहाटे ते तट्टांच्या कुशी पाहत. ‘कुशीला चिखल हाय म्हंजे रात्री आडवं पडलंय. आडवं पडलंय म्हंजे भ्यालेलं न्हाय.’ घोडा उभ्याने डुलकी घेतो, पण गाढ झोप त्याला आडवं झाल्याशिवाय लागत नाही, आणि आजूबाजूला धोका वाटत असेल तर तो आडवा होत नाही. राणी कळपात आल्यावर तीन पहाटे टिकलीची कूस कोरडी होती. चौथ्या पहाटे चिखलाने माखलेली दिसली. हिराला आत सोडायचं मामांनी त्यावरून ठरवलं.

तट्टांचा आसरा

कुरणाच्या उंच, कोरड्या बाजूला तीन गुंठ्यांचा तुकडा वासे लावून घेरला. दोन टोकांना दोन वाटा, म्हणजे एका वाटेवर घोडा उभा असला तरी दुसरीने निसटता येईल. प्रत्येक वाटेवर १२० सेंटिमीटर उंचीवर जाड आडवा वासा, त्याला खालून जुन्या ट्यूबचं रबर. टिकली आणि बंड्या त्याखालून सहज जात. राणीला छातीशी अडे. दोन दिवसांत दोघांना ती जागा आपली वाटू लागली. मोठ्या कुरणाचे टोकदार कोपरे तिरपे वासे टाकून बोथट केले. तट्टांसाठी अर्धा कापलेला पिंप जमिनीत रोवून पाण्याची सोय केली.

वाळलं गवत गव्हाणीत टाकणं बंद झालं. सात जनावरांसाठी आठ ढीग, एकमेकांपासून दहा-बारा पावलांवर, वेडेवाकडे विखुरलेले. एक ढीग जास्त असल्यामुळे हाकललेल्या जनावराला जायला कायम एक जागा उरायची. भांडणं पहिल्याच दिवशी निम्म्याहून कमी झाली. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय हाच होता.

बादलला शेवटी सोडलं. पहिल्या दिवशी त्याने बंड्यावर पुन्हा पाय उगारला, बंड्या वाशाखालून आत गेला. आठवड्याभरात बंड्या त्याच्यापासून अंतर ठेवायला शिकला. टिकली मात्र उलटं शिकली.

ऑक्टोबरमधली दुसरी अडचण

पावसाळाभर सगळे समाधानी होते, मीही. नोंदवहीत ‘भांडण नाही’ असं रोज लिहिलं जात होतं. वजन मात्र कुणी मोजत नव्हतं.

तट्टांना त्रास होऊ नये म्हणून त्यांचं वाळलं गवत आसऱ्याच्या आत ठेवलं जात होतं, भरपूर. ते खाऊन दोघं बाहेर येत, कुरणातलं हिरवं गवत खात, मग मोठ्यांचे उरलेले ढीग साफ करत. आसरा म्हणून केलेली जागा खानावळ झाली होती. वर शाळेतली मुलं गूळ आणि गाजरं भरवायची. आणि संध्याकाळी मोठ्या घोड्यांना कुरणातच टबात हरभरा, ओट आणि कोंडा मिळायचा, तेव्हा टिकली कान पाडून बादलच्या टबाकडे चालत जायची आणि ४८० किलोचा बादल मागे सरायचा. मामांनी हे पाहिलं होतं, त्यांना त्याचं कौतुकही वाटलं होतं. ‘ल्हान हाय म्हणून गरीब समजू नका हिला, ताई.’ घोड्यांमध्ये कोण कुणाला हटवतं हे उंचीवर ठरत नाही. वय, स्वभाव आणि पूर्वी कळपात राहण्याचा अनुभव या गोष्टी जास्त ठरवतात. बादलकडे तो अनुभव नव्हता, टिकलीकडे भरपूर होता.

दसऱ्यानंतर मामांनीच पहिली खूण टिपली. फाटकाजवळच्या मुरमाड वाटेवर टिकली वळताना पाय आखडून टाकत होती, मातीवर मात्र नीट चालत होती. दुसऱ्या सकाळी ती पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन उभी होती. खूर गरम लागत होते आणि खुराच्या वरच्या सांध्यामागे बोट ठेवलं की नाडी ठळक उडत होती. डॉक्टरांनी लॅमिनायटिस सांगितला, सुदैवाने सुरुवातीचा. खुराच्या आत हाडाला खुराच्या भिंतीशी धरून ठेवणारे पापुद्रे असतात. लठ्ठ तट्टांच्या रक्तात इन्शुलिन सतत चढं राहिलं की ते ताणले जाऊन सुटायला लागतात. सगळे सुटले तर हाड खुरात फिरतं. टिकलीच्या खुराच्या एक्स-रेत हाड जागेवर होतं.

तेव्हा प्रथम फीत लावली गेली. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, अंगाच्या लांबीने गुणायचं आणि ११,८८० ने भागायचं, की किलोतलं वजन बरंच जवळ येतं. खरेदीच्या वेळच्या तपासणीत टिकलीचा घेर १३८ आणि लांबी १२० होती, म्हणजे सुमारे १९२ किलो. आता घेर १४७, म्हणजे २१८. मानेवर चरबीची कडक वळी. १९८३ मध्ये हेनेके यांनी मांडलेल्या एक ते नऊ अशा अंगलटीच्या मापावर डॉक्टरांनी तिला आठ दिले. त्याच दिवशी बादलच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या.

लठ्ठ तट्टू आणि उपास

एका पालकाने सुचवलं, ‘चार दिवस उपाशी ठेवा, उतरेल.’ मामांनाही ते पटण्यासारखं वाटलं. डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला. लठ्ठ तट्टाचं खाणं एकदम तोडलं की शरीर साठलेली चरबी रक्तात ओतायला लागतं, यकृतावर भार येतो आणि जनावर दगावू शकतं. हा धोका मोठ्या घोड्यापेक्षा लहान चणीच्या तट्टांना आणि गाढवांना जास्त. म्हणून वजनाच्या दीड टक्का सुका चारा हे ठरलं. २१८ किलोला तो सव्वातीन किलोच्या आसपास भरतो, गवतातला ओलावा धरून रोज ३.६ किलो वाळलं गवत. ते अर्धा तास पाण्यात भिजवून, पाणी टाकून द्यायचं, म्हणजे त्यातली साखर थोडी उतरते. आपल्याकडच्या हवेत जास्त वेळ भिजवलं तर गवत आंबतं. बारीक भोकांच्या जाळ्यांत भरून दिवसातून पाच वेळा. हरभरा बंद, गूळ बंद, फक्त क्षारमिश्रण. कप्प्यात जाड अंथरूण, वेदनाशामक, आणि बंड्या शेजारी.

बरं वाटू लागल्यावर तिला परत कळपात कसं न्यायचं हा तिसरा मोठा निर्णय होता. मुसकं घालून सोडावं असा एक विचार आला. मळणीच्या बैलाचं मुसकं तोंड पूर्ण बंद करतं, म्हणून नायलॉनच्या जाळीचं, तळाला भोक ठेवलेलं मुसकं बनवून घेतलं, ज्यातून थोडं थोडं गवत खाता येईल. दोन अडचणी निघाल्या. हिरा खेळात ते दातांनी ओढायचा, आणि टिकलीच्या नाकावर घट्टा पडला. म्हणून ते दिवसातून थोडाच वेळ, कुणीतरी समोर असताना वापरायचं ठरलं.

टिकणारा उपाय जुनाच निघाला. मोठ्या घोड्यांचं धान्य टबातून बंद करून प्रत्येकाला स्वतंत्र तोबरा (तोंडाला बांधायची धान्याची पिशवी) दिला. ज्याच्या तोंडाला तोबरा त्याचंच धान्य, चोरी शक्यच नाही. तोबरा चढवल्यावर माणूस तिथेच उभा राहतो आणि संपताच काढतो, कारण तोबऱ्यासह घोड्याने पाण्यात तोंड घातलं तर तो गुदमरतो. त्या वीस मिनिटांत तट्टं आसऱ्यात आणि वाशाच्या खाली दुसरा वासा टाकून वाट बंद. दुपारचं वाळलं गवतही तसंच, त्यांचं मोजलेलं आत, मोठ्यांचं बाहेर. मोठे घोडे आपला बहुतेक चारा रात्री तबेल्यात खाऊ लागले. म्हणजे दिवसभर सगळे एकत्र, पण खाण्याच्या वेळी वेगळे. आसऱ्याचं काम आता दोन्ही बाजूंनी चालू लागलं. आधी तो लहानांना मोठ्यांपासून वाचवत होता, आता मोठ्यांचं खाणं लहानांपासून वाचवत होता.

निष्पत्ती

जानेवारीअखेर टिकलीचा घेर १४१ वर आला, म्हणजे सुमारे २०१ किलो. खुरावर त्या आजाराची आडवी वळी उमटली आहे. खूर वरून खाली वाढतो तशी ती उतरत जाईल, पूर्ण निघून जायला वर्षाच्या आसपास लागेल. फेब्रुवारीत तिच्यावर सर्वांत लहान मुलं पुन्हा बसू लागली, मऊ जमिनीवर, चालीपुरती. बंड्याला कसलाच त्रास राहिला नाही. तो बहुतेक वेळ राणीजवळ असतो आणि दोघं एकमेकांची मान खाजवतात. त्यासाठी राणीला डोकं बरंच खाली आणावं लागतं.

बादलचं मात्र जमलं नाही. तोबऱ्याने त्याचं वजन परतलं, पण टिकली जवळ आली की तो कुंपणाला चिकटून उभा राहायचा आणि बंड्या जवळ आला की मागचा पाय उचलायचा. एकाला घाबरणारा आणि दुसऱ्याला घाबरवणारा असा घोडा त्या कळपात कुणालाच सुरक्षित नव्हता, स्वतःलाही नाही. ताईंना तो वेगळा काढणं जड गेलं. सगळे एकत्र असलेलं कुरण हे शाळेचं चित्र झालं होतं. शेवटी डिसेंबरात बादल आणि सुलतान यांना शेजारच्या भाड्याने घेतलेल्या वीस गुंठ्यांत हलवलं, मध्ये तेच दुहेरी कुंपण. बादल आता दुपारी आडवा पडून झोपतो. मामांच्या मते कळपात असताना त्यांनी त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याच्याकडे आधी लक्ष द्यायला हवं होतं, असं मला वाटतं. कोरडी कूस फक्त तट्टांची पाहिली जात होती.

काय वेगळं करता आलं असतं

तट्टं घेण्याआधी एका पावसाळ्यात ती कुठे उभी राहतील हे पाहायला हवं होतं. मे महिन्यात कोरडी दिसणारी जागा मुळशीत जुलैत कशी असते, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तीन आठवडे वेगळं ठेवण्याच्या काळातच दुहेरी कुंपण उभं राहिलं असतं तर घाईने फाटक उघडायची वेळ आली नसती. मागचे नाल काढायला नालबंदाची एक सकाळ लागते. ती सकाळ अपघाताच्या नंतर नाही, आधी यायला हवी होती.

वजनाची फीत वेळेवर न लावणं ही चूक मला सगळ्यात गंभीर वाटते, कारण बाकी सगळं नीट चाललेलं असताना ती झाली. लाथ दिसते, रक्त दिसतं, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिथे. चरबी महिन्याला थोडी थोडी चढते आणि पावसाळ्यात तुकतुकीत दिसणारं तट्टू पाहून लोक उलट शाबासकी देतात. लहान चणीच्या जातींना कमी चाऱ्यावर तगून राहण्याची देणगी असते. मोठ्या घोड्यांच्या मापाने आखलेल्या कुरणात तीच त्यांच्यावर उलटते. दर पंधरवड्याला घेर मोजला असता तर ऑगस्टमध्येच आकडा बोलला असता.

आसऱ्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. मिश्र कळपात तो हवाच. पण त्यात चारा ठेवायचा असेल तर तो मोजूनच, आणि आसरा बांधायच्या दिवशीच त्याची वाट बंद करायची सोय हवी.

आता शाळेत तिसऱ्या तट्टाचा विषय निघाला आहे, कारण मुलं वाढली आहेत आणि टिकलीवर भार टाकायचा नाही. ताईंनी यावेळी क्रम उलटा लावला आहे. मार्चमध्ये सखल तुकड्यात चर खणून निचरा, मग तिथे मुरमाचा भराव, मग एक पावसाळा जाऊ द्यायचा. तोवर टिकलीच्या खुरावरची वळीही बरीच खाली आलेली असेल. मामांनी फीत कप्प्याच्या दारालाच खिळ्यावर अडकवून ठेवली आहे आणि दर अमावस्या-पौर्णिमेला दोन्ही तट्टांचा घेर वहीत चढतो.